पोटमाळ्याचं छत

आमच्या इमारतीत एकही खोली काटकोनात नव्हती. दोन रस्ते जिथं तिरके येऊन एकमेकांना भिडतात, नेमकी त्या टोकावर ती उभी होती. बांधणाऱ्यानं पुढचं टोक छाटून तिथं दार काढलं होतं आणि दाराच्या मधोमध ओतीव लोखंडाचा एक जाडजूड खांब. त्या खांबाला वळसा घातल्याशिवाय आत जाता येत नसे. जाताना लोक नीट वळसा घालत, येताना मात्र बरेच जण त्याच्यावर आपटत, कारण आत गुत्ता होता. कागदोपत्री त्याला मद्यगृह म्हणत, पण कागदाला काय, तो काहीही म्हणेल. गुत्त्याच्या वर तीन मजले बिऱ्हाडं, प्रत्येक मजल्याला टोकावर एक गोल फुगीर खिडकी आणि सगळ्यात वर पत्र्याचा एवढासा घुमट. त्या घुमटाचा कबुतरांखेरीज कुणालाही उपयोग नव्हता.

सुतार ह्या इमारतीचं काम घ्यायला नाखूश असत. कपाट भिंतीला लावलं की मागं त्रिकोणी फट उरायची. आमच्या घरातल्या फटीत छत्र्या, केरसुणी आणि माझी नावडती पुस्तकं राहायची.

आई ह्या इमारतीची जिनेवाली. तिला दुसरं नाव असेल असं बिऱ्हाडकरूंच्या कधी डोक्यातही आलं नसावं. पोस्टमनसुद्धा “जिनेवाली आहे का?” असंच विचारायचा. चौसष्ट पायऱ्या आठवड्यातून दोनदा धुवायच्या, कठडा पुसायचा, गेलेले दिवे बदलायचे आणि सगळ्यांच्या जादा किल्ल्या सांभाळायच्या. पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या होत्या की प्रत्येकीत पाण्याचं डबकं साचायचं आणि ते फडक्यानं टिपून घ्यावं लागायचं. चाळीस वर्षं तिनं ते टिपलं. तिचे गुडघे त्या पायऱ्यांच्याच चालीनं झिजले.

आम्ही राहायचो पोटमाळ्यावर. गुत्त्याचं दालन अठरा फूट उंच. कुठल्याशा जुन्या मालकाला ती उंची फुकट जाते असं वाटलं असावं, म्हणून मागच्या कोपऱ्यात त्यानं अकरा फुटांवर लाकडी तक्तपोशी ठोकली, कडेनं फळ्या लावल्या आणि जिन्याच्या बाजूनं वर जायला दार काढलं. आधी तिथं अडगळ होती, मग जिनेवाले आले. म्हणजे आमची जमीन होती लाकडाची, पण डोक्यावरचं छत मात्र खालच्या दालनाचंच, त्यातलं आमच्या वाट्याला आलेलं एका कोपऱ्याचं. हात वर केला की बाबांचा तळवा त्याला टेकायचा. खालच्या गप्पा फळ्यांच्या फटींतून वर यायच्या, त्यामुळं मला शिव्या आधी आल्या आणि मुळाक्षरं नंतर.

बाबा गिलाव्याचे कारागीर. कारागीर म्हणजे, भेगा बुजवणारे. भिंतीला तडा गेला, पोपडा सुटला, ओलीनं गिलावा फुगला की त्यांना बोलावणं यायचं. बुजवलेली भेग कुठं होती ते घरमालकाला स्वतःलाही सापडता कामा नये, असा त्यांचा बाणा होता. त्याचा परिणाम असा, की त्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते दाखवता येईल अशी एकही जागा गावात नव्हती.

मी सात वर्षांची असताना आई साबणाच्या पाण्यावरून घसरली आणि दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर आली. पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, फळीवर उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचंसुद्धा नाही. ते दुखणं दहा महिने चाललं. जिना बाबा धुवायचे, कामावर जायच्या आधी. आई छताकडं बघत पडून राहायची. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी कधीतरी अख्ख्या दालनाच्या छतावर चुन्याची वेलबुट्टी होती म्हणे, पण ओलीनं आणि धुरानं ती सगळी गेली. आमच्या कोपऱ्यात भिंतीलगत दोन पानं तेवढी उरली होती. बाकी नुसते पोपडे, आणि त्यातला एखादा अधूनमधून आईच्या तोंडावर पडायचा.

“मेले नाही अजून, तोवरच मूठमाती चाललीय,” असं ती म्हणायची.

एका रविवारी बाबांनी स्टूल मांडलं आणि पोपडे खरवडायला घेतले. गुत्ता रविवारी बंद असायचा, त्यामुळं खाली चुना सांडला तरी कुणाच्या पेल्यात पडायची भीती नव्हती.

“हे काय आता नवीन?” आईनं विचारलं.

“हात शिवशिवतायत. सपाट भिंती लिंपून वीट आलाय नुसता,” बाबा म्हणाले. “तू नको लक्ष देऊ.”

उताणं पडलेल्या बाईला छताकडं लक्ष देऊ नको म्हणायचं, असे आमचे बाबा.

त्या दोन पानांवरून त्यांनी वेल पुढं न्यायला सुरुवात केली. पान, पानाला देठ, देठाला वळण, वळणात कळी. चुन्यात केस कालवावे लागतात, नाही तर सुकताना तो तडकतो. पूर्वी जनावरांचे केस विकत मिळायचे, पण तोवर तयार गिलाव्याच्या पुड्या निघाल्या होत्या आणि केसवाल्यानं दुकान कधीच मोडलं होतं. बाबांची मात्र अडचण झाली नाही. आईला उठता येत नसल्यानं रोज सकाळी तेच तिचे केस विंचरायचे. कमरेखाली पोचणारे, काळेभोर, दोरखंडासारखे जाड केस होते तिचे. पडून पडून त्यांचा गुंता व्हायचा आणि फणीत झुबकेच्या झुबके निघायचे. ते बाबा बिस्किटाच्या डब्यात जमवू लागले.

“कुणावर करणीबिरणी करताय की काय?” आईनं विचारलं.

“तुझ्यावर. उठून बसशील त्यानं.”

काम झालं की बाबा स्टुलावरून उतरायचे आणि तिच्या शेजारी खाली जमिनीवर उताणे पडायचे. मग विचारायचे, “दिसतंय का?” आई कौतुक करणाऱ्यांतली नव्हे. “दिसतंय, पण पान फार जाड झालंय. अंगावर पडेलसं वाटतं,” असं म्हणायची. बाबा उठायचे, पान खरवडून पातळ करायचे, पुन्हा येऊन पडायचे. “आता?” “आता बरंय.” मी कपाटामागच्या फटीत बसून हे बघायची आणि मला दोघंही वेडी वाटायची.

आई दहा महिन्यांनी उठली. वेल पुरी व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. पुढं त्या वेलीकडं वर बघायला कुणाला सवड नव्हती. आईला जिना, बाबांना भेगा, मला शाळा. फक्त आईला उताणं झोपायची सवय लागली ती लागलीच, आणि वर्षातून एकदा काठीला मऊ फडकं बांधून ती वेलीवरची धूळ झटकायची. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. आयुष्यभर चुना नाकातोंडात गेलेला, छातीनंच घात केला.

तोवर मी लग्न होऊन दूर, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते. तिथल्या आमच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि सगळे कोपरे काटकोनात आहेत. दर भेटीला मी आईला म्हणायची, चल माझ्याकडं. दर भेटीला ती म्हणायची, बघू. एकोणसत्तराव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून ती पायऱ्यांतली डबकी टिपत होती. रागानं माझ्या डोळ्यात पाणी यायचं, आणि ते बघून ती म्हणायची, “रडतेस कशाला, फडकं घे.”

अशात इमारत जुन्या वास्तूंच्या यादीत गेली. दुरुस्ती करून तिचं मूळ रूप परत आणायचं ठरलं आणि त्यासाठी एक साहेब आले. माणूस चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याच्याविषयी वाकडं बोलावंसं वाटेल. कपाळावर चष्मा, हातात टेप, बोलणं मऊ. त्यानं प्रत्येक पायरी मोजली, लोखंडी खांबाला टिचक्या मारून बघितल्या, निरुपयोगी घुमटात चढून कबुतरांचा राग ओढवून घेतला. शेवटी पोटमाळ्यावर आला. मी त्या दिवशी आईकडंच होते.

दारातून आत आला, सवयीनं वर बघितलं आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून तसाच उभा राहिला.

“मावशी,” तो म्हणाला, “हे वाचलं कसं?”

आई काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच उत्तर दिलं. शिकलेल्या माणसांचं हे असंच. पोटमाळ्यानं खालचा धूर अडवला, म्हणून एवढा कोपरा शाबूत राहिला. शंभर वर्षांपूर्वीचं काम. कडेचा एक टवका सैल झाला होता, तो त्यानं अलगद काढला, मोडला, भिंगातून बघितला. मोडलेल्या कडेतून काळेभोर लांब केस बाहेर लोंबत होते.

“घोड्याचे!” तो म्हणाला. “शेपटीचे. इतके जाड आणि लांब दुसऱ्या कुणाचे असणार? हल्ली कोण घालतं चुन्यात केस? हा पुरावाच झाला.”

मी तोंडावर हात दाबला. आईनं डोक्यावरच्या पांढऱ्या अंबाड्याला हात लावला, सुपारीएवढाच राहिला होता तो.

“घोड्याचे का?” तिनं विचारलं.

“शंभर टक्के.”

“बरं.”

“एकच गोष्ट कळत नाही,” साहेब मान वाकडी करून म्हणाला. “उठाव फार उथळ आहे. अठरा फुटांवर काम करायचं तर पान चांगलं जाड काढायला हवं, नाही तर खालून दिसणार कसं? कारागिरानं हात आखडता घेतलेला दिसतो.”

“हात आखडता नव्हता हो त्यांचा,” आई फटकन म्हणाली.

“कुणाचा?”

“ज्या कुणी केलं असेल त्यांचा.” आणि ती चहा ठेवायला वळली.

चहा पिता पिता त्यानं खरी गोष्ट सांगितली. पोटमाळाही जुनाच, नव्वदएक वर्षांचा. इथं वर काही नसतं तर त्यालाही हात लावला नसता, मावशी निवांत राहिल्या असत्या. पण असं काम फळ्यांआड कोंडून ठेवणं बरं नव्हे. पोटमाळा काढायचा, म्हणजे दालनात बसलेल्या प्रत्येकाला ते खालून दिसेल. दालनाच्या बाकी छतावर काहीही करायचं नाही, कारण जे गेलं ते नव्यानं घडवायचं नाही असा त्यांचा नियम होता. आईला राहायला दुसरीकडं तळमजल्यावर खोली मिळाली असती. हरकत असेल तर आठ दिवसांत लिहून द्या, म्हणून त्यानं एक कागद दिला आणि देताना त्याची नजर खाली होती.

तो गेल्यावर मी पोट धरून हसले. आई हसली नाही.

“सांगून टाक ना त्याला,” मी म्हटलं. “बाबांनी केलंय म्हणावं. केस तुझे आहेत. एवढं लिहून दिलं की पोटमाळा राहिला, तू राहिलीस.”

“आणि मग?”

“मग काय? राहशील इथंच.”

“आणि हे राहील फळ्यांआड.” ती पलंगावर टेकली आणि गुडघ्याचा पट्टा सोडू लागली. “तुझ्या बाबांनी आयुष्यभर भेगा बुजवल्या. बुजवली की लोक विसरले. इतकं काम केलं, पण अमुक एक ह्यांनी केलंय असं कुणाला बोट दाखवून सांगायची सोय नाही. एक तरी दिसू दे त्यांचं चारचौघांना.”

“नाव त्यांचं कुठं असणार आहे? नाव घोड्याचं.”

“नाव नसू दे. काम दिसू दे.”

मी आणखी आग्रह केला नाही. इथं खरं सांगायला हवं. मी आग्रह केला असता, तर कदाचित तिनं ऐकलं असतं. मी स्वतःच त्या साहेबाला गाठून एक वाक्य बोलले असते, तरी भागलं असतं. पण मला तिला त्या जिन्यावरून उतरवायचंच होतं. वर्षानुवर्षं जे माझ्या रडण्यानं झालं नव्हतं, ते त्या कागदानं आपोआप होत होतं. म्हणून मी आठ दिवस मूग गिळून बसले. आईनं हरकतीचा कागद चौपदरी घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. त्या घरातली जमीनही कधी सपाट नव्हती.

किल्ल्यांचा जुडगा मालकाला देताना तिनं प्रत्येक किल्ली कुठली ते सांगितलं. मालकाच्या काही लक्षात राहिलं नसणार. तळमजल्यावरची खोली तिनं नाकारली आणि ती माझ्याकडं आली. पहिले काही दिवस सकाळी उठून लिफ्टशेजारचा जिना पुसायची. शेजारणींनी माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघितलं, तेव्हा मी तिला थांबवलं. मग ती खिडकीशी बसू लागली. गुडघे जरा बरे झाले, पण आपण दमलोय हे तिला बहुधा तेव्हाच पहिल्यांदा कळलं. दुपारीसुद्धा बसल्या जागी डोळे मिटायची.

सात महिन्यांनी गुत्त्याचं उद्‍घाटन होतं, दुपारी चारला. बोलावणं आईच्या नावानं आलं होतं, जुन्या रहिवासी म्हणून. तिनं ठेवणीतले कपडे काढले आणि माझ्याकडून केस विंचरून घेतले. फणीत तीन-चार पांढरे केस आले. ते तिनं बोटाला गुंडाळले आणि खिडकीबाहेर सोडून दिले.

लोखंडी खांबाला नवा काळा रंग होता. दालन धुऊनपुसून लखलखत होतं आणि मागचा कोपरा मोकळा. आमची जमीन, आमच्या भिंती, कपाटामागची फट, सगळी नुसती हवा झाली होती. चाळीस वर्षं ज्या दालनाच्या डोक्यावर ती राहिली, त्यात आई गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. साहेबानं तिला हाताला धरून कोपऱ्यातल्या लांब बाकावर बसवलं. मग त्यानं भाषण केलं. अज्ञात कारागीर म्हणाला, शंभर वर्षं म्हणाला, घोड्याचे केस म्हणाला, आणि हात वर केला. सगळ्यांनी माना वर केल्या.

“कुठं?” माझ्यामागं कुणीतरी विचारलं.

“ते काय, वर. पांढरं पांढरं.”

“हां हां.”

आमच्या शेजारी एक जाडा माणूस पेला हातात धरून डोळे बारीक करत होता. त्यानं बायकोला कोपरानं ढोसलं. “नवीन दुरुस्ती म्हणतात, आणि ओल आलीय बघ छताला.”

मीही वर बघितलं. वेल तिथं होती, मला ठाऊक होती म्हणून माझ्यापुरती होती. ज्याला ठाऊक नाही त्याला पांढऱ्यावर पांढरं, ओल सुकल्यावर उन्हाळ्यात भिंतीवर राहतो तसा एक डाग. पानं नव्हती, देठ नव्हते, कळ्या तर नव्हत्याच. माना हळूहळू खाली आल्या आणि लोक पेल्यांकडं वळले.

आई अजून वर बघत होती. मग तिनं चपला काढल्या, पाय बाकावर घेतले आणि सगळ्यांसमोर सरळ उताणी पडली.

“जिनेवालीला चढली,” जुन्या बिऱ्हाडकरूंपैकी कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. साहेब पाणी घेऊन धावत आला. मी त्याला हातानंच थांबवलं आणि बाकाशेजारी खाली बसले.

“दिसतंय का, आई?”

तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडं ओघळत होतं. उताण्या माणसाचं तिकडंच जातं.

“नाही गं,” ती म्हणाली. “जाड नको, जाड नको, असं मीच म्हणत होते त्यांना.”

साहेब पाण्याचा पेला घेऊन उभाच होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग वर बघितलं, आणि चष्मा काढून हातात धरला. त्याला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही.

“मला वाटलं, लोकांना दाखवायचं राहून गेलं त्यांचं,” आई म्हणाली. “त्यांनी लोकांसाठी केलंच नव्हतं.”

मी तिला उठवून बसवलं, चपला पायात सरकवल्या. निघताना खांबापाशी ती चुकली नाही, नीट वळसा घालून बाहेर पडली.

माझ्या घरी तिच्या खोलीचं छत सपाट आहे. चारही कोपरे काटकोनात, कुठं भेग नाही, पोपडा नाही. त्या दिवसापासून ती भिंतीकडं तोंड करून कुशीवर झोपते.